पावती मागणारा नागरिक

काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारते, "मोबाइल नंबर?" रांगेतला माणूस दहाही आकडे मोठ्याने सांगतो आणि मागचे पाचजण ते ऐकतात. त्याच्या मागे एक आजी आहेत, हातात दोन वह्या, एक पेन आणि मोजून काढलेले सुटे पैसे. त्या म्हणतात, "नंबर नाही देत मी. नुसतं बिल दे, बाळा." मुलगी गोंधळते, कारण नंबर टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकत नाही. मॅनेजरला हाक जाते. तो येतो, स्वतःचाच नंबर टाकतो, बिल निघतं. म्हणजे नंबराची गरज बिलाला नव्हतीच, ती दुसऱ्याच कोणाला तरी होती.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं की मोबाइल नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका, नंबर न देणाऱ्याला सेवा नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच्या जवळपास सहा वर्षं आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं होतं. एवढं सगळं होऊनही स्क्रीन तशीच आहे. काउंटरवरच्या मुलीवर राग काढू नका, तिला नोकरी टिकवायची आहे. मुख्यालयात बसून ज्यांनी तो रकाना सक्तीचा केला, त्यांना जाब विचारा. आजींनी त्या दिवशी जे केलं ते रांगेतल्या सगळ्यांनी केलं, तर तो रकाना महिन्याभरात निघेल.

*

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलं आहे की तोच कायदा वाटायला लागला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा नेमकं उलटं सांगतो. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलच न देणं हीसुद्धा. रंग घरी जाऊन आवडला नाही म्हणून साडी परत करायचा हक्क कायदा देत नाही, आणि द्यावा असं मलाही वाटत नाही. पण पहिल्या धुण्यात उसवलेली शिवण दुकानदाराने पदरात घेतलीच पाहिजे.

*

आता स्वदेशीबद्दल, कारण सध्या प्रत्येक ग्रुपवर तोच विषय आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीचं 'अराट्टाई' हे संदेशांचं ॲप धडाधड डाउनलोड झालं. मीही घेतलं. भारतीय अभियंत्यांनी बांधलेलं ॲप जगातल्या बड्यांसमोर उभं राहतं याचा आनंद मला मनापासून आहे. त्या वेळी त्यातले कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही ऐकता न येणारे, होते, लिहिलेले संदेश तसे नव्हते. काहींनी त्यावर बोट ठेवलं, तर त्यांना उत्तर मिळालं, "आपल्या माणसांवर एवढाही विश्वास नाही?" हे उत्तर मला मान्य नाही. आपल्या माणसाने केलेली वस्तू असेल तर जास्त प्रश्न विचारावेत, कारण ती सुधारावी अशी आपली इच्छा असते. कंपनीने पुढे ते काम हाती घेतलं, ते विचारणाऱ्यांमुळे. गप्प बसवणाऱ्यांमुळे नव्हे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता, सभा गाजत होत्या. तरी भाषण ऐकून कोणी नांगर घेतला नाही. शेतात चालवून पाहिला, खोल जातो, टिकतो हे पटलं, मग घेतला. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी अशा चिकित्सक गिऱ्हाइकांच्या पैशावर उभी राहिली. देशाचं नाव सांगून कच्चा माल गळ्यात मारणारा उद्योजक त्या परंपरेतला नाही.

आणि ग्राहक चळवळ म्हणजे रिकामटेकड्यांची कुरकूर असं ज्यांना वाटतं, त्यांनी बिंदुमाधव जोशींचं चरित्र पाहावं. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरलेला हा माणूस. त्यांनीच पुढे १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, घराघरांचे संघ करून डाळ-तांदूळ-तेल एकत्र घ्यायची पद्धत रुजली, आणि पहिला ग्राहक संरक्षण कायदा तर १९८६ चा. देश परक्यांच्या हातातून सोडवणं आणि गिऱ्हाइकाला लुबाडणुकीतून सोडवणं, ही त्या माणसाला दोन वेगळी कामं वाटली नाहीत. मलाही वाटत नाहीत.

*

आमच्या शेजारच्या काकूंचं वॉशिंग मशीन मध्येच बंद पडायला लागलं. कंपनीचा माणूस आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. पूर्ण बदलावा लागेल." किंमत सांगितली ती मशीनच्या निम्म्याच्या आसपास. वर सल्ला दिला की यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. काकूंचा मुलगा तो बोर्ड काढून पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेऊन गेला. तिथल्या दुकानदाराने मल्टिमीटर लावला, एका रिलेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा एवढाच मेलाय." पण त्या रिलेपर्यंत पोचायला त्याला तासभर लागला, कारण पूर्ण बोर्डावर पारदर्शक रेझिन ओतलेलं होतं. ओलाव्यापासून बचाव म्हणून ते ओततात, हे कारण खरं आहे. पण त्याच रेझिनमुळे सुटा भाग बदलणं जवळपास अशक्य होतं, हेही तितकंच खरं. त्याने सोल्डरिंगच्या गनने ते मऊ करत, टोकदार चिमट्याने खरवडत रिले मोकळा केला, नवा बसवला. मशीन आजही चालतंय.

या माणसाकडे सर्किटचा नकाशा नव्हता. कंपनी तो देत नाही. सुटा भाग अधिकृत मिळत नाही, त्याने जुन्या बोर्डांतून काढून ठेवलेल्या डब्यातून शोधला. तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे शेकडो हात आहेत. या देशाचं तंत्रज्ञान म्हणून मला दाखवायला सांगितलं तर मी पाहुण्यांना आधी तिथे नेईन. आणि नेमक्या याच हातांना कंपन्या 'अनधिकृत' म्हणतात.

केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारं, अशी चार क्षेत्रं घेतली. कंपन्या त्यावर माहिती टाकतात ती बहुतेक अधिकृत सेवाकेंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी. नकाशा आणि सुटे भाग द्यायची सक्ती करणारा कायदा मात्र आलेला नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांच्या किमतीशेजारी 'दुरुस्त करायला किती सोपं' याचे दहापैकी गुण छापायला लावले. आपल्याकडच्या दुसऱ्या एका समितीनेही मे २०२५ मध्ये तशा निर्देशांकाचा अहवाल दिला आहे. अहवाल कपाटात ठेवायचा नसतो. काकूंना मशीन घेतानाच कळायला हवं होतं की याचा बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेला आहे.

*

भाषेबद्दल एक नियम सांगतो, तो फार थोड्यांना माहीत आहे. पाकीटबंद वस्तूंसाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. वेष्टनावरची सक्तीची माहिती, म्हणजे वजन, किंमत, उत्पादक, तक्रारीचा पत्ता, ही देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असावी असं त्यात म्हटलं आहे. इतर भाषा वापरायला बंदी नाही, पण सक्तीही नाही. म्हणून नंदुरबारच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या कुकरवरची आणि मिक्सरवरची सूचना मराठीत नसते, आणि ती नसणं बेकायदाही ठरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले, ते योग्यच झालं. त्याच उत्साहाने या नियमात 'आणि त्या राज्याच्या भाषेत' एवढे शब्द घालून घेणारा एक तरी खासदार मला हवा आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीत तर तरतूद आहे. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. पण ते कसं असतं? बाटलीला चिकटवलेली, अनेक घड्या घातलेली कागदाची पट्टी, तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं. दुकानातून बाटली घेतो मालक, फवारणी करतो मजूर, आणि तोवर पट्टी गळून पडलेली असते. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा. हे कोण कोणाला समजावून सांगतं? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती. हातमोजे नाहीत, मास्क नाहीत, माणसाच्या उंचीची कपाशी, दोन-तीन औषधांची मिश्रणं. पण ज्याच्या हातात विष आहे त्याला ते विष वाचता यावं, ही त्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट होती. मराठीच्या अस्मितेबद्दल बोलायचं तर मी त्या पट्टीवरच्या अक्षरांच्या आकारापासून सुरुवात करेन.

आणि ज्यांना सुरुवात डिलिव्हरीच्या पोरापासून करायची आहे त्यांना सांगतो, पत्ता चुकला किंवा उशीर झाला तर भुर्दंड त्यालाच बसतो, आणि वर मराठी येत नाही म्हणून तुम्ही त्याचा व्हिडिओ काढता. मराठीत बोलायला शिकवा त्याला, प्रेमाने शिकेल. जाब विचारायचाय तो ॲपला, ज्याच्या मदतकेंद्रात मराठी पर्याय नाही. बँकेतही तसंच. रिझर्व्ह बँकेने शाखांमधलं ग्राहकांसाठीचं साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवायला सांगितलं आहे. मराठी फॉर्म नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. शिपायाच्या कानाखाली मारून फॉर्म छापून येत नाही.

*

खात्यातून पैसे गेले की बँकेतला पहिला प्रश्न असतो, "ओटीपी दिलात ना?" प्रश्न असा येतो की माणूस तिथेच खचतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले नियम सोबत ठेवा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडे कुठे आहे आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक तुमची असली, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. म्हणून रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेत तक्रार, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेणं.

*

शेवटी दाद कुठे मागायची? २०१९ च्या ग्राहक कायद्याने एक मोठी सोय केली आहे. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं. आपल्या जिल्हा आयोगांचे मराठीत दिलेले निकाल मी वाचले आहेत, साध्या माणसाला कळतील असे.

पण कायद्यात तीन महिने लिहिलेलं प्रकरण वर्षानुवर्षं रखडतं, कारण अध्यक्ष-सदस्यांची पदं भरलेली नसतात. या रिकाम्या पदांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. काकूंच्या मुलाने मशीनची तक्रार तयार ठेवली आहे, बोर्डाचे फोटो आणि गल्लीतल्या दुकानदाराची पावती जोडून. स्वदेशीवर भाषण द्यायला तुमच्या तालुक्यात मंत्री आले की त्यांना विचारा, आमच्या जिल्हा आयोगात किती पदं रिकामी आहेत आणि ती कोणत्या तारखेला भरणार.