मोटार कापण्यापूर्वी

सुरतेत कापाकापीचे सल्लागार मुबलक. जगातल्या दहांपैकी नऊ हिऱ्यांना याच शहरात पैलू पडतात म्हणे. मग आपण बोटाएवढी धातूची मोटार कापायला काढली की लिंबायतपासून वराछापर्यंत प्रत्येकजण मत देणारच. ऐकावे जनाचे, करवत मात्र आपली घ्यावी.

आधी घरच्यांना कारण पटवून द्यावे. १:६४ मापात जगभरातल्या स्पोर्ट्‌स कार मिळतात, पण साड्यांची पार्सले लादून रिंग रोडवर उलट्या बाजूने येणारा टेम्पो काही मिळत नाही. तो घडवावा लागतो. कारचे छत पुढच्या सीटमागून उडवले की निम्मा टेम्पो तयार. कार स्वतःच्या पैशाची असावी. भाच्याची असल्यास हे मार्गदर्शन लागू नाही.

आता धातू. लोखंड समजून त्याच्या अंगावर जाऊ नये. हा जस्ताचा मिश्रधातू, त्यात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम, आणि तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. ग्राइंडर इथेच बाद होतो. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, धातू तापून लिबलिबीत होतो आणि चकतीलाच चिकटतो. रंग जळतो, मोटार हातातून सुटून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाते. उधन्यात वर्कशॉप असलेला मावसभाऊ म्हणेल, ‘भाऊ, दोन सेकंदांचं काम!’ खरे आहे, आणि म्हणूनच नको.

हिरे कापायच्या लेझर मशीनचा प्रस्तावही येईल. असे मशीन असलेला मित्र प्रत्येक सुरतकराला असतो. चौकशी केल्यावर मशीन मित्राच्या मित्राचे निघते.

घ्यावी ती सोनाराची करवत. दुकानदार विचारतो, ‘सोनुं के चांदी?’ न लाजता ‘मोटार’ म्हणावे. पाती डझनाने घ्यावीत, ती तुटण्यासाठीच असतात. (सुरतेहून रिकाम्या हाताने न परतण्याची रीत १६६४ पासूनची, पाहुण्यांनी दोन डझन न्यावीत.) पात्याचे दात मुठीकडे तोंड करून बसवावेत, पाते इतके ताणावे की नखाने छेडले तर टण्ण वाजले पाहिजे. थोडे मेण लावावे. खाली ओढताना कापते, वर नेताना नुसती सरकते. जोर लावणाऱ्याला दुसरे पाते लागते.

करवतीआधी मोटार उघडावी. तळाशी रिव्हेट असतात. डोक्यावर मधोमध पंचाने खूण करून ड्रिलने फक्त डोके उडवावे. खूण न करता ड्रिल टेकवले तर ते घसरून तळपत्र्यावर सही करते. काच, सीटा बाहेर काढाव्यात, मगच सांगाडा चामड्याचा तुकडा घालून वाइसमध्ये धरावा. तोही बेताने आवळावा. खिडक्यांचे खांब काडीएवढे असतात आणि वाकवले की सरळ मोडतात.

कड घासायला बारीक कानस. जस्त तिच्या दातांत गच्च बसते, म्हणून आधी खडू फासावा. खडू मुलांच्या दप्तरात सापडतो.

डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मास्क. टेबलावरचा भुगा फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावा. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी पैसे देऊन नेतो. या भुग्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही, तेव्हा खाली आपल्यालाच टाकून यावा लागेल.