पावती घेतली का?

गणपती बसायला महिना उरला की दीपनगरात काही लोक रस्ता बदलून चालायला लागतात. समोरून नाना येत असतो. माणूस वाईट नाही. लग्नकार्यात राबणारा, मयतीला सगळ्यांच्या आधी पोचणारा. पण काखेत पावतीपुस्तक असतं आणि त्यातून सुटका नसते. नाना म्हणजे गणेश मंडळाचा खजिनदार. असा एक माणूस प्रत्येक कॉलनीत असतोच. त्याचं खरं नाव माहीत असण्याची गरज नाही, कारण तो निवृत्त होऊन भुसावळला घर बांधतो तोवर इथे दुसरा नाना तयार झालेला असतो.

त्याला घडवलं ते दीपनगरच्या वीज केंद्राने. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती कंपनी झाली, पण नाना अजून 'बोर्डात'च आहे. उभी नोकरी लॉगशीट भरण्यात गेली. जुने २१० मेगावॅटचे संच असोत की नंतर आलेले ५०० चे, ठरल्या वेळी दाब बघायचा, तापमान बघायचं, लिहायचं, सही करायची. पाळी सुटताना एखादा रकाना कोरा राहिला तर पुढचा माणूस चार्ज घ्यायला कुरकुरतो. अशा माणसाच्या हाती मंडळाची किर्द दिल्यावर दुसरं काय होणार?

टपरीवर चहा पिताना कुणी पन्नासची नोट पुढे करतो आणि मोठेपणाने म्हणतो, "राहू द्या नाना, पावती कशाला? विश्वास आहे आपला." नानाचा चहा तिथेच थांबतो.

"इस्वास हाये म्हनूनच घे ना भो. नसता तं तू सोताच मांगली असती."

पावती फाडून खिशात कोंबेपर्यंत तो नोटेला हात लावत नाही. फार वाद झाला तर गांधीजी निघतात. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेसचे चिटणीस असताना गांधीजी प्रत्येक वर्गणीची पावती देत, हे नानाने कुठेतरी वाचलंय. वर हेही जोडतो, की गांधीजी १९३६ च्या अधिवेशनाला इथे फैजपूरला आले होते. म्हणजे तसे आपल्या भागातलेच.

शर्टाच्या वरच्या खिशात रेव्हेन्यू स्टॅम्पची पट्टी असते. स्टॅम्प लागण्याची मर्यादा २००४ मध्ये पाचशेवरून पाच हजारांवर गेली, हे त्याला मंडळातल्या पोरांनी दहादा सांगून झालं. "लावला तं काय बिघडलं?" एवढंच उत्तर. मात्र स्टॅम्पचा खर्च मंडळाच्या नावे टाकत नाही.

आता मांडवात क्यूआर कोड लागल्यापासून नानाची झोप उडाली आहे. पैसे रात्री दोन वाजताही येतात आणि देणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं दिसतात. मग सकाळी क्वार्टरची बेल वाजते. दारात नाना. "ते एकशे एक तुमचेच का?" तुमचे नसले तरी शेजारच्यांचे असू शकतात, म्हणून तो तिकडे वळतो. धनी सापडेपर्यंत ती रक्कम वहीत 'संशयित जमा' या मथळ्याखाली बसून असते. एकदा तिथे आमच्या कॉलनीतल्या एका अत्यंत सज्जन बाईंचे पैसे पडले होते. त्यांनी तो मथळा वाचला आणि महिनाभर नानाशी बोलल्या नाहीत.

एका वर्षी हिशेबात आठ रुपयांचा फरक आला. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, कार्यकर्ते जांभया देताहेत, ढोलवाले बाकीच्या पैशासाठी बसून राहिलेत. अध्यक्षांनी खिशातून दहाची नोट काढून टेबलावर टाकली. "घ्या, मिटलं." नाना असा तडकला की ढोलवालेही उठून उभे राहिले. "मिटलं नाही साहेब, दडपलं!" दहा घेतले तर दोन जास्त होतात, हाही मुद्दा त्याने मांडलाच. मग चष्मा कपाळावर चढवून, एकेक स्थळप्रत डोळ्यांपाशी धरून तो पहाटेपर्यंत बसला. कार्बनखाली पुसट उमटलेले ५१ कुणीतरी ५९ म्हणून उतरवले होते. "एकोनसाठ रुपये वर्गनी दिलेला मानूस दाखवा मला जगात!" सहा वाजता पहिल्या पाळीला निघालेल्या लोकांना थांबवून तो हे सांगत होता.

भंडाऱ्याचा हिशेब मात्र खरोखर वाचण्यासारखा असतो. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टीचं जाडं पीठ किती किलो, तूप किती, लिंबं किती. आणि खाली 'उरलेली वांगी, विक्री'. पंगत उठली की नाना वांग्याची टोपली घेऊन मांडवाच्या तोंडाशी बसतो आणि बायका भावासाठी त्याच्याशी भांडतात. देवापुढच्या नारळांचा लिलाव होतो, त्याची नोंद वेगळी. दानपेटीत निघालेली फाटकी दहाची नोटही पानावर चिकटवलेली असते, शेजारी शेरा: 'चालली नाही.' मंडपवाल्याने लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेली चिठ्ठी, डीजेवाल्याचा सहीचा कागद, सगळं डिंकाने डकवलेलं.

त्याच्या कटकटीला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. नोंदणी असेल तर हिशेब तपासून घ्यायचे, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. हार घालून घेणाऱ्यांना यातलं काही आठवत नाही. फाइल घेऊन एसटीने जळगावला जातो तो नाना. तिकीट वहीला जोडतो आणि वर लिहितो, 'खर्च धरला नाही.' खर्च धरायचा नाही तर तिकीट कशाला जोडायचं, हे त्याला विचारण्याची कुणाची छाती नाही.

आठ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मोठ्या नोटा बंद झाल्या, तेव्हा मंडळामंडळांतून पळापळ झाली. कुणाच्या घरात डब्यात पैसे, कुणाच्या कपाटात. नानाने शिल्लक विसर्जनानंतर लगेच बँकेत भरलेली होती. हातात फक्त एक आणि दोनच्या नाण्यांची पिशवी. त्या आठवड्यात तो रस्त्याच्या मधोमध चालत होता.

वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी चार नावं येतात, चारही माणसं फ्लेक्सवरच्या फोटोसारखा चेहरा करून बसतात. खजिनदाराचा विषय निघाला की सगळे पंख्याकडे बघतात. मग नाना खाकरतो, "यंदा मले मोकळं करा," असं म्हणतो, आणि कुणी हूं की चूं करायच्या आत जुनी किर्द पुन्हा पिशवीत घालतो. त्याला मोकळं व्हायचं नसतं, हे खरं. पण तो ज्या वर्षी बायकोच्या आजारपणामुळे नव्हता, त्या वर्षीचा हिशेब अजून लागलेला नाही, हेही तितकंच खरं. त्या वर्षी कुणी पैसे खाल्ले असं कुणाचं म्हणणं नाही. कुणी लिहिलंच नाही, एवढंच.

अनंत चतुर्दशीनंतर नाना फळ्यावर दोन पानांचा हिशेब लावतो आणि काहीतरी निमित्त काढून तिथेच घोटाळत राहतो. लोक फळ्यावर पाण्याच्या वेळेची सूचना वाचून निघून जातात. यंदा जरा थांबा. पूर्ण वाचा, एखादी बेरीज करून बघा, आणि चूक सापडली तर त्याला तोंडावर सांगा. एवढ्या वर्षांत त्याला कुणीतरी वाचलं, याचाच आनंद होईल. चूक मात्र तो कबूल करणार नाही. वही आणून दाखवेल.