आक्कांची गाय आणि आण्णांची कांडी

अहो, ऐकलंत का? या अशा कुंपणापाशी. आण्णा ओट्यावरच बसलेत, हळू बोला.

आक्कांची एचएफ गाय परवापासून वैरणीला तोंड लावेना. अंगात कणकण. झालं, आक्कांनी 'लम्पीच!' म्हणून डोळ्याला पदर लावला. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, २०२२ साली गुरांचे बाजार बंद, गायींच्या अंगभर गाठी, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत फिरत होते, ते दिवस...

तर काय सांगत होते, भाची आलीय ना त्यांची, शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातली! ती म्हणे, रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रोटीन असतं. धडधाकट गायीत जवळजवळ नाहीच. पण कुठं सूज आली, जंतू शिरले, की यकृत ते बनवायला लागतं आणि दोन दिवसांत शंभरपटसुद्धा चढतं. आक्का लगेच, "मग तेच तपास, लम्पी कळेल." पोरगी हसली. "मावशी, ते गावच्या भोंग्यासारखं नुसतं वाजतं, चोर कोण ते सांगत नाही. दगडी झाली, वार अडकली, तरी वाढतं. उलट बॅक्टेरियानं जास्त, व्हायरसनं बहुतेकदा कमी."

आक्कांचा चेहरा एवढासा झाला हो.

"मग व्हायरसचं वेगळं काही नाही का गं?" "आहे की, एमएक्स नावाचं प्रोटीन. व्हायरस आला की शरीर इंटरफेरॉन सोडतं, आणि मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे एमएक्स करायला घेतात. पण त्यातही गोम आहे. गाय गाभण राहिली, तरी तिसऱ्या आठवड्यात हेच वाढतं! गर्भ स्वतःचा एक इंटरफेरॉन सोडतो ना. हिला भरवलीय का?"

आक्का ठसक्यात म्हणाल्या, "छे! दिवाळीनंतर भरवायचं ठरलंय आमचं."

आणि आण्णा खोकले. नुसते खोकले नाहीत, उठून चपला शोधायला लागले! गाय भरवून तीन आठवडे होतील म्हणे. आक्का माहेरी गेल्या त्याच दिवशी, सेक्स सॉर्टेड सीमेनची कांडी, ती महागातली, बहुतेक वेळा कालवडच होणारी. इतके दिवस तोंडातून चकार शब्द नाही! आक्का बघतच राहिल्या... मी तर घागर भरायच्या निमित्तानं तिथंच उभी.

गायीचं? हो हो, ते राहिलंच. पोरीनं कास चाचपली, तर मागचा उजवा सड गरम आणि धारेत गुठळ्या. दगडीच ती. अंगावर एकही गाठ नाही. पक्कं करायचंच झालं, तर लम्पीला खपलीची पीसीआर करतात, नुसत्या प्रोटीनवर कोणी ठरवत नाही, असं म्हणाली. डॉक्टर येऊन सडात औषध सोडून गेले, आज तिनं कडबा खाल्ला.

उद्या-परवा माजावर नाही आली, की गाभणाचाही अंदाज येईल. आक्का मात्र कांडीच्या पैशांचा हिशेब मागतायत, आणि आण्णा म्हणतात, कालवड झाल्यावर माग.