सही बाईंची, खुर्ची भाऊंची

संसार ही दोन चाकांची गाडी, असं सांगणारे कासरा कोणाच्या हाती, ते सांगत नाहीत. तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. कासरा आपल्या हाती घेत, पत्र धाडून स्वतःचा नवरा निवडणाऱ्या या लेकीची पालखी आजही पंढरपूरला जाते. पालखीला खांदा द्यायला आपली ना नाही. अडतं ते खुर्चीपाशी. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी कितीतरी गावांत सही बाईंची आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा. ‘ते फक्त मदत करतात,’ असा बचाव होतो. मान्य! मग नवरा सरपंच झाल्यावर ग्रामसभेत त्याच्या जागी बसून बायको अशीच मदत का करत नाही? ‘बाईंना अनुभव नाही’ म्हणावं, तर पहिल्यांदा निवडून आलेल्या भाऊंना तो कोणी दिला? खुर्चीनंच ना!