पाच रुपयांचं आरोग्य

महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो, ही गोष्ट बहुतेक पिणाऱ्यांच्या गावीही नसते. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा हा कागद माणसाला आरोग्याचं जतन करण्यासाठी मद्य बाळगू देतो. होय, आरोग्याचं जतन. हा विनोद आमचा नाही, शासनाचा आहे. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांत होतो. साधारण तेवढ्यातच औषधाच्या दुकानात एक कोरी सिरिंज येते. पण नशा टोचून घेणाऱ्याला ती फुकट द्यावी आणि वापरलेली परत घ्यावी, असं आमच्या निमोणे गावच्या ग्रामसभेत कुणी सुचवून पाहावं. आधी माइक बंद पडेल, मग सुचवणाऱ्याच्या घराण्याची चौकशी सुरू होईल. 5 रुपयांची दारू आरोग्य राखते आणि 5 रुपयांची सुई गाव बुडवते, असा आपला हिशेब आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्याकडं असलं काही नाही.’ खरंय. इथली नशा बाटलीची आणि पुडीची. सुईची वाच्यता नाही. फक्त फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, पोलिसांना मेफेड्रोन हे अमली द्रव्य सापडलं ते शेकडो किलोंनी. माल परगावी जायचा होता, हे समाधान मानायचं. पण अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ऑस्टिनही असंच निवांत होतं. वस्ती जेमतेम 4 हजारांची, एचआयव्हीचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. लोक दुखण्यावरच्या गोळ्या विरघळवून टोचून घेत होते, आणि एकच सुई घरभर फिरत होती. 2015 मध्ये तपासण्या झाल्या तेव्हा लागण झालेले 200 च्या घरात निघाले. सुया वाटण्याला विरोध असलेले तिथले गव्हर्नर माइक पेन्स यांनाच मग आणीबाणी जाहीर करून त्या वाटायला परवानगी द्यावी लागली. आणि सुई म्हणजे परका पदार्थ असंही नाही. साध्या तापाला गोळी दिली तर ‘डॉक्टर, सुई मारा की’ म्हणणारे आपणच. ती सुई कोरी आहे का, हे कुणी विचारत नाही. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला हे न विचारण्याची किंमत कळली 2018 मध्ये: भोंदू डॉक्टरच्या एकाच सुईतून गावकऱ्यांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. त्यांतल्या बहुतेकांचा गर्दशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुई दिली की व्यसनाला खतपाणी. यावर जागतिक आरोग्य संघटनेनं 2004 मध्ये जगभरचे अभ्यास तपासले. लागण कमी होते असं दिसलं; व्यसन वाढल्याचा पुरावा सापडला नाही. हेल्मेट मिळालं म्हणून कुणी मुद्दाम गाडी आपटत नाही, तसंच हे. मुंबईत 1995 पासून रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांमध्ये काम करणारी ‘संकल्प’ संस्था हेच सुयांचं काम करते, आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यक्रमात सुया बदलून देणं अधिकृतपणे बसतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं तर अशा कामाला गुन्हा ठरवायला मनाई केली आहे. मग ‘थेट व्यसनमुक्ती केंद्रात का पाठवत नाही?’ अवश्य पाठवावं. पुण्यात ‘मुक्तांगण’ 1986 पासून उभं आहे. पण तिथं जायला माणसाचं मन तयार व्हावं लागतं, त्याला कधी वर्ष लागतं, कधी पाच. तोवर त्यानं जिवंत राहावं एवढीच या सुईची माफक अपेक्षा. शिवाय सुई बदलायला येणारा माणूस निदान कुणाशी तरी बोलतो. उसाच्या फडात टोचून घेणाऱ्याशी फक्त ऊस बोलतो, आणि ती सुई पुढं ऊसतोड करणाऱ्या बाईच्या पायात रुतते.

राहिला पैशाचा प्रश्न. एचआयव्हीचं औषध सरकार जन्मभर फुकट देतं, त्यावर कुणी हरकत घेत नाही. रोग झाल्यावरचा खर्च म्हणजे दया आणि होण्याआधीचा म्हणजे लाड, असं आपलं अंदाजपत्रक आहे. अर्थात आपण एकटेच शहाणे नाही. ऑस्टिन ज्या काउंटीत आहे तिथं नव्या लागणी जवळजवळ थांबल्या, तेव्हा 2021 मध्ये लोकप्रतिनिधींनी दोन विरुद्ध एक मतांनी सुयांचं केंद्रच बंद करायचं ठरवलं. आग विझली, मग बंब कशाला पोसायचा? निमोण्याला तेवढं मतदानही घ्यावं लागणार नाही. बंद करायला आधी काही सुरू असावं लागतं.