बॅकलॅश

सगळं जग रविवारी उशिरा उठतं, भोसरी एमआयडीसी गुरुवारी. साप्ताहिक सुट्टीचा हा वार आमच्या अंगात इतका भिनलाय की लग्नाचं बोलावणं रविवारचं आलं तर कपाळाला आठी पडते. गुरुवारी कॉम्प्रेसर गप्प असतो, पॉवर प्रेसचा दणका नसतो, आणि सहा दिवस न ऐकू येणारा एक आवाज मला ऐकू येतो. माझ्या मनगटावरच्या एचएमटी जनतेची टिकटिक. ती कानाला लावत मी स्पाइन रोडच्या टपरीवर पोचतो. तिथे आणखी चौघं असेच मनगट कानाला लावून बसलेले असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाचही जणांची दाढ दुखतेय.

आम्ही चावीच्या घड्याळांचे संग्राहक. हा शब्द आपला आपसात वापरायचा. घरी 'भंगार' म्हणतात.

एकाचं गिअर हॉबिंगचं वर्कशॉप आहे. एकजण चाकणला मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. एकाने उभा जन्म पर्चेसमध्ये काढला. देव प्रसन्न झाला तरी हा आधी तीन कोटेशनं मागवेल. चौथे अण्णा, एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले. पाचवा मी, सहा मशीनचा मालक. म्हणजे त्यातली चार बँकेची आणि दोन बंद.

या वेडाचं मूळ एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही १९५३ सालची, मुळात मशीनं बनवणारी कंपनी. घड्याळं तिने १९६१ साली जपानच्या सिटिझनचा हात धरून बंगळूरला सुरू केली. त्यामुळे इथल्या एका अख्ख्या पिढीचा लेथही एचएमटी आणि मनगटही एचएमटी. अण्णा म्हणतात, "लेथ बिघडला की घड्याळ बघायचं, घड्याळ बिघडलं की लेथ." याचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही, पण ते वयाने मोठे म्हणून आम्ही मान हलवतो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं आणि आमच्या भंगाराला भाव आला.

माझ्या जनतेचा डायल आकाशी आहे. दोन वर्षांपूर्वी एका बाजारात मिळाली. त्या गुरुवारी चौघांनी आळीपाळीने डोळ्याला भिंग लावून तिचा पंचनामा केला. आमच्यात 'मुंबई स्पेशल' ही फार मोठी शिवी आहे. जुन्या घड्याळाचा डायल खरवडायचा, त्यावर नवा रंग मारायचा, वर पुन्हा नाव छापायचं आणि 'दुर्मीळ' म्हणून विकायचं, असला तो माल. माझी जनता त्यातली नाही, यावर एकमत झालं. "असला आकाशी मी अठ्ठ्याहत्तर सालानंतर बघितला नाही," असं सर्टिफिकेट अण्णांनी दिलं. चहाचे पैसे मी दिले.

तर मागच्या महिन्यात क्वालिटीवाल्याने मोबाइल पुढे केला. "नवं घड्याळ आलंय. हाताने बनवलेलं. एस्केपमेंट बघा, वेगळंच आहे."

घड्याळ कारी वूटिलाइनेनचं होतं. गडी मूळचा फिनलंडचा, हे घड्याळ काढलं तेव्हा वर्कशॉप स्वित्झर्लंडमधल्या मोतिए नावाच्या लहानशा गावात होतं. त्याचं आडनाव नीट वाचून होईपर्यंत टपरीवाल्याचा एक चहा उतू गेला. घड्याळाचं नाव 'व्हँत-विट', म्हणजे फ्रेंचमध्ये अठ्ठावीस. "पार्ट नंबर असणार," पर्चेसवाला म्हणाला. घड्याळ खरं तर २०११ सालचं. पण आमच्या कट्ट्यावर सेलचं घड्याळ आल्यानंतर जगात जे जे झालं, ते सगळं 'हल्लीचं'.

आता एस्केपमेंट म्हणजे काय, हे रोज चाकणला जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कमानीत चावी देऊन भरलेली ताकद म्हणजे पाळी सुटल्यावर तळेगाव चौकात खोळंबलेली कंटेनरची रांग. मोकळी सोडली तर सगळी एकदम घुसेल आणि काटे मिनिटभरात गरगरून थंड होतील. म्हणून तोंडाशी एक पोलीस उभा करायचा. तो एक दात सोडतो, पुढचा अडवतो, पुन्हा एक सोडतो. जनतेतला पोलीस सेकंदाला पाच वेळा हात करतो. दिवसाचे झाले ४,३२,०००. आणि त्याला जेवणाची सुट्टी नाही.

नेहमीच्या घड्याळात हा पोलीस म्हणजे माणकाचे दोन खडे बसवलेली एक चिमुकली तरफ. इंग्लंडच्या टॉमस मजने १७५५ च्या सुमाराला काढलेली ही युक्ती अजून जगभर चालू आहे. तिची खोड एकच. चाकाचा दात खड्यावरून घासत जातो, म्हणून तिथे तेल लागतं, आणि तेल सुकलं की घड्याळ रेंगाळतं. या वूटिलाइनेनने चाकंच दोन ठेवली, एकमेकांच्या उलट फिरणारी. आता याची पाळी, मग त्याची, अशी ती झुलणाऱ्या बॅलन्स चाकाला सरळ टिचकी मारतात. घासणं कमी, तेलाची मिजास कमी.

व्हिडिओ अर्ध्यावर होता तेवढ्यात गिअरवाला एकच शब्द बोलला.

"बॅकलॅश."

बशी खाली ठेवून त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. गिअरचे दात एकमेकांत बसवताना केसभर फट ठेवावीच लागते, नाही तर ते आवळतात. फट ठेवली की त्यात खेळ आला. पहिल्या चाकाला कमानीचा जोर आहे, ते ताठ राहील. दुसरं पहिल्याच्या जिवावर फिरणार, ते त्या फटीत डुगडुगणार. "मुहूर्ताला नवरा उभा, नवरी अजून पार्लरमध्ये," त्याने थोडक्यात सांगितलं.

मी घरी जाऊन वाचलं तर काय! पॅरिसच्या ब्रेगेने अठराव्या शतकाच्या शेवटी ही दोन चाकांची युक्ती काढली होती, तिला 'नैसर्गिक एस्केपमेंट' असं नावही दिलं होतं, आणि याच डुगडुगीपायी तिचा नाद सोडला होता. घड्याळजींचा बादशहा म्हणतात तो माणूस जिथे अडकला, ती जागा आमच्या गड्याने कटिंग संपायच्या आत दाखवली. पुढच्या गुरुवारी मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्याने विचारायचं ना मला."

मला आता चेव चढला होता. मी इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सची गोष्ट काढली. त्याने आपल्या 'स्पेस ट्रॅव्हलर' या खिशातल्या घड्याळात दोन चाकांना दोन वेगळ्या कमानी दिल्या आणि गिअरही वेगवेगळे. दोघांची गाठच पडू द्यायची नाही, मग बॅकलॅश येतो कुठून? आमच्याकडे दोन भावांच्या शेडमध्ये भिंत घालतात, त्यातलाच प्रकार. ह्याच डॅनियल्सने १९७० च्या दशकात को-अ‍ॅक्सिअल नावाचं आणखी एक एस्केपमेंट शोधलं आणि ते घेऊन तो स्विस कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिला. ओमेगाने ते बाजारात आणलं, तेव्हा १९९९ साल उजाडलं होतं.

"म्हणजे वीस वर्षांवर पीपॅप!" पर्चेसवाला म्हणाला. त्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच आदर ऐकला. पीपॅप, म्हणजे नव्या पार्टची मंजुरी, देताना सहा महिने सॅम्पल अडकवून ठेवणारा माणूस तो. वीस वर्षं म्हटल्यावर त्याला आपल्या कारकिर्दीत काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं असावं.

पण आदर तेवढ्यापुरताच. वूटिलाइनेनकडे वळल्यावर त्याने आपली ठेवणीतली प्रश्नावली काढली. वर्षाला नग किती? मोजकेच. दुसरा व्हेंडर? नाही. "एकच माणूस! उद्या त्याला डेंग्यू झाला तर?" स्वित्झर्लंडच्या डोंगरात डेंग्यू कुठला, असं मी म्हणालो. ते त्याने रिस्क शीटमध्ये घेतलं नाही. मग त्याने किमतीचा हिशेब केला आणि रावेतला टू बीएचकेच्या आसपास जातंय असं जाहीर केलं. "फ्लॅटला निदान पार्किंग मिळतं."

क्वालिटीवाल्याची अडचण निराळी. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट पीपीएममध्ये मोजायची सवय. दहा लाखांत खराब किती? माझी जनता दिवसाला एक मिनिट मागे पडते. त्याने मोबाइलवर भागाकार केला. साठ सेकंद भागिले ८६,४००. "६९४ पीपीएम. आमच्याकडे पन्नासच्या वर गेलं की कस्टमर बोलावून घेतो आणि पाणीसुद्धा विचारत नाही." मग स्विस क्रोनोमीटरचं सर्टिफिकेट घेतलं. दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे, एवढी तिथे सूट. सहा सेकंद म्हणजे ६९ पीपीएम. "हेही रिजेक्ट." अशा रीतीने अडीचशे वर्षांचं स्विस घड्याळशास्त्र स्पाइन रोडला लाल बिनमध्ये गेलं. त्याच्या स्वतःच्या मनगटावरची एचएमटी पायलट तेव्हा बंद होती. चावी द्यायची राहिली होती म्हणे.

अण्णा एवढ्या वेळात काहीच बोलले नव्हते. मोबाइल नाकाला लावून ते एकच फोटो बघत बसले होते. आतल्या पट्ट्यांच्या कडांना सगळीकडून एकसारखी तिरपी, चमकदार पट्टी होती. आमच्या भाषेत चॅम्फर. काही कोपरे आत वळलेले आणि तिथे दोन चॅम्फर सुरीच्या धारेसारखे भेटत होते. तसला कोपरा फिरत्या हत्याराने निघत नाही, कारण हत्याराची स्वतःची गोलाई तिथे आडवी येते. तो फाइलने, हातानेच काढावा लागतो. शेवटचं पॉलिश जेन्शियन नावाच्या डोंगरी झुडपाच्या काडीला पेस्ट लावून करतात. अण्णांनी मोबाइल परत दिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढ्या कामाला आम्हाला तेव्हा ओव्हरटाइमही दिला नसता."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी तोच फोटो शेडमध्ये मावशींना दाखवला. मावशी माझ्याकडे अकरा वर्षं डीबरिंग करतात. मशीनवरून उतरलेल्या पार्टच्या कडेला राहिलेली धार फाइलने मारायची, हे त्यांचं काम. शेडमधला सगळ्यात कमी पगार या कामाला असतो. तो मीच देतो, त्यामुळे मला माहीत आहे. मावशींना मायक्रोमीटर लागत नाही. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं की झालं. आमचा इन्स्पेक्टर भिंग लावून पास करतो तो पार्ट त्या न बोलता बाजूला ठेवतात.

त्यांनी डबा सरकवला, हात पदराला पुसले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. एस्केपमेंटकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"फायलीने केलंय शेठ. हे बघा, कोपऱ्यात जाऊन हात थांबलाय, मग परत निघालाय. मशीन असं थांबत नाही."

"स्वित्झर्लंडला असतो तो माणूस."

"किती दिवस लागले एकाला?"

"दिवस नाही मावशी, महिने."

त्यांनी फोटो आणखी मोठा केला. "म्हणजे ह्याला टार्गेट नाही," त्या म्हणाल्या आणि ठेच्याकडे वळल्या.

महिनाभरात या घड्याळावर जेवढं म्हणून ऐकलं त्यात मला पटलेलं मत हे एवढंच. बाकी आम्ही पाचही जण घड्याळात आपापलं खातं बघत होतो.

मी इथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला हौस असते. मी मनगटावरची जनता काढून त्यांच्या हातावर ठेवली. "आणि ही कशी वाटते?"

त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली, एकदा अशी, एकदा तशी.

"छान आहे. रंग कुठून मारून घेतला?"

"रंग?"

"हा चारचा दांडा बघा. त्याच्या बुडाशी आकाशी रंग वर चढलाय. गाडीला टचिंग करताना रबरावर येतो ना, तसा."

मी भिंग काढलं. मग चष्मा लावून भिंग काढलं. चढला होता. चारच्या दांड्यावर, सातच्या दांड्यावर, आणि एकदा दिसायला लागल्यावर अकराच्यावर तर गोवर आल्यासारखा.

पुढच्या गुरुवारी कट्ट्यावर मी हे सांगून टाकलं. गिअरवाला म्हणाला, त्याला पहिल्या दिवसापासून शंका होती. क्वालिटीवाला म्हणाला, एका नगावरून निष्कर्ष काढता येत नाही, लॉट कुठाय? पर्चेसवाल्याने बिल आहे का विचारलं. अण्णांनी जनता हातात घेऊन बराच वेळ बघितली.

"मी काय म्हणालो होतो? असला आकाशी अठ्ठ्याहत्तर सालानंतर बघितला नाही. त्याच्या आधी बघितला होता असं म्हणालो का?"

चहाचे पैसे पुन्हा मीच दिले.

तर वाचकहो, तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एखादी जनता पडली असेल तर तिचा डायल कुणाला चमकवायला देऊ नका. पिवळा पडलेला असू दे, डाग असू दे, आहे तसाच राहू दे. मला एक ओरिजिनल डायल हवा आहे. कुठल्याही गुरुवारी सकाळी स्पाइन रोडच्या टपरीवर घेऊन या, मनगट कानाला लावलेली पाच माणसं दिसतील. भाव तिथेच ठरवू. पैसे मात्र शुक्रवारी मिळतील, कारण गुरुवारी मावशींची सुट्टी असते.