बारा मिनिटांचा पेपर

भिलईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत पावसाळ्यात वीज गेली की माणसं व्हरांड्यात येतात. 2019 च्या जुलैअखेरीस अशाच एका संध्याकाळी दोघे जण खुर्च्या टाकून बसले होते. एक लोको शेडमधले इंजिनिअर. जूनमध्ये नॉर्वेतल्या नार्विक गावी जाऊन तिथल्या हेवी हॉल परिषदेत, म्हणजे जड मालगाड्या चालवणाऱ्या जगभरच्या मंडळींच्या मेळाव्यात, त्यांनी पेपर वाचला होता. तेव्हापासून कॉलनीत त्यांचं नाव 'पेपरवाले' पडलं आणि सकाळी वर्तमानपत्र टाकणारा पोरगा 'खरा पेपरवाला' झाला.

दुसरे मालगाडीचे निवृत्त गार्ड. गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं, असा हुकूम जानेवारी 2022 मध्ये निघाला. आजही त्यांना कुणी मॅनेजर म्हटलं, तर कोण आलं म्हणून ते मागे वळून बघतात.

येत्या रविवारी महाराष्ट्र मंडळात पेपरवाल्यांचं भाषण होतं: 'माझी नॉर्वेची वारी', स्लाइडसह. आज त्याची रंगीत तालीम, पण वीज नसल्यामुळे रंग वजा.

"सुरुवात अशी करतो, काका. 'रायपूरच्या माना विमानतळावरून मी निळ्या आकाशात झेप घेतली...'"

"थांबा. चरोद्याहून मानापर्यंत कसे गेले?"

"टॅक्सीने. पस्तीस-चाळीस किलोमीटर."

"सुटले किती वाजता?"

"विमानाच्या चार तास आधी. हिने घड्याळ पुढे केलं होतं."

"म्हणजे यार्डातून बिफोर टाइम. लिहा. आमच्या नोकरीत ही गोष्ट दोनदा झाली, दोन्ही वेळा चौकशी लागली. पुढं?"

पुढे दिल्ली. तिथून युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरायचं, तिथून ऑस्लो, मग छोट्या विमानाने एवेनेस, मग बसने नार्विक. कागदावर सगळं सांधेजोड बसलेलं. पण त्या वर्षी 27 फेब्रुवारीपासून पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, ते 16 जुलैला उघडलं. दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं त्या साडेचार महिन्यांत आधी दक्षिणेकडे उतरत आणि अरबी समुद्रावरून वळसा घालून जात.

"म्हणजे मेन लाइनला ब्लॉक, गाडी डायव्हर्ट," गार्डसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "अन् तुमची पुढची गाडी?"

"सुटली. माझ्या डोळ्यांदेखत. मला नऊ तास बसवून ठेवलं."

"कुठं?"

"गेटजवळ, खुर्चीवर."

"लूप लाइनवर म्हणा न. बाप्पा! लोकांना तेच ऐकायचं असते. निळं आकाश खिडकीतून सगळ्यांनाच दिसते, लूप लाइनवरचे नऊ तास कोण सांगते? मी एकदा दल्ली-राजहऱ्याच्या खनिजाची रेक घेऊन अकरा तास उभा होतो. शेवटी ड्रायव्हरची ड्यूटी संपली, माझी संपली, दुसरा क्रू यायला निघाला तर त्याचीच गाडी लेट. तुमच्या पायलटलाही ड्यूटीचे तास असतात ना?"

"असतात. मर्यादा ओलांडली की तोही उतरतो."

"उतरतो!" गार्डसाहेबांना जगातल्या साऱ्या पायलटांबद्दल अचानक आपुलकी वाटू लागली.

मग पैशांची गोष्ट निघाली. पेपरवाल्यांनी परत आल्यावर नियम वाचून काढले होते. युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम असा, की मुक्कामी पोचायला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला भरपाई मिळते. अंतर 3,500 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर 600 युरोपर्यंत. विमान कंपनी युरोपातली असेल, तर दिल्लीहून निघालेल्या विमानालाही तो लागू पडतो.

"माणसाचं डेमरेज!" गार्डसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "वॅगन वेळेत रिकामी केली नाही तर पार्टी रेल्वेला पैसे भरते. इथं माणूस वेळेत पोचवला नाही तर कंपनी भरते. वा, राजेहो! मिळाले?"

"नाही. उशीर असाधारण परिस्थितीमुळे झाला असेल तर भरपाई नाही, असंही त्याच नियमात आहे. आकाश बंद असणं ही असाधारण परिस्थिती, असं उत्तर आलं."

"तीन महिन्यांपासून रोज बंद होतं ते?"

"हो."

"अन् त्यांनी तिकीट विकलं तेव्हाही बंदच होतं?"

"हो."

"मग असाधारण काय राहिलं त्यात? आमच्या यार्डात कोळशाची गाडी रोज लेट येते. आम्ही असाधारण लिहून पाहिलं असतं तर कंट्रोलने घरी बसवलं असतं."

पेपरवाल्यांनी हे वाक्य भाषणाच्या कागदावर टिपून घेतलं. (आणि खरं सांगायचं, तर कंपनीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रातही घातलं. उत्तर तेच आलं, फक्त या वेळी सही दुसऱ्याची होती.) परिस्थिती असाधारण असली तरी खाण्यापिण्याची सोय कंपनीला करावीच लागते, म्हणून एक कूपन मिळालं. त्यात एक सँडविच बसलं, पाणी बसलं नाही.

"घरून काही नेलं नव्हतं?"

"हिने ठेठरी, चिवडा आणि लोणचं दिलं होतं. लोणचं मधल्या तपासणीत गेलं. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत द्रव पदार्थ चालत नाही."

"लोणचं द्रव झालं कधीपासून?"

"हाच वाद मी दहा मिनिटं घातला. फोड घन, खार द्रव. तो म्हणाला, पूर्ण बाटली द्रव."

"खार पिऊन टाकायचा न, अन् फोडी घेऊन पुढं जायचं. आमचा लाइन बॉक्स कुणी उघडून पाहिला असता, तर त्यात झंडी कमी अन् डबेच जास्त निघाले असते."

नार्विक विषुववृत्तापासून इतकं उत्तरेला आहे, की मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. पेपरवाल्यांच्या मते हाच भाषणाचा कळस. रात्री साडेबाराला समुद्राच्या खाडीवर ऊन पडलंय, असा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. गार्डसाहेबांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

"मग तिथल्या गार्डला नाइट ड्यूटीचा भत्ता कसा देतात?"

"घड्याळावर देत असतील."

"असतील म्हणजे? एवढ्या दूर गेले अन् विचारलं नाही? आमच्याकडं रात्री दहा ते सकाळी सहा. तिथं उन्हात कुणी नाइट अलाउन्स मागितला तर अकाउंट्सवाला खिडकीबाहेर बोट दाखवत असेल."

आतून चहा घेऊन आलेल्या वहिनींनी वेगळीच अडचण काढली. "तिथे संकष्टी आली असती तर? उपास चंद्र पाहून सोडायचा. चंद्र उगवला तरी उन्हात दिसणार कसा?"

"मी उपास करत नाही," पेपरवाले म्हणाले.

"तुमचा नाही हो, माझा. मला नेलं असतं तर."

काही क्षण नुसता पाऊस ऐकू आला. यार्डात कुठेतरी शंटिंग चालू होतं. डब्यावर डबा आदळत गेल्याचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. चरोद्यात जन्मलेल्या पोराला या आवाजात झोप लागते, तो थांबला की जाग येते.

"बरं, पाहिलं काय तिथं?" गार्डसाहेबांनी संसाराची गाडी रुळावर आणली.

पेपरवाले खुलले. नार्विक हे गावच मुळी रेल्वेने वसवलं. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज समुद्रापर्यंत आणायचं होतं. स्वीडनचं बंदर हिवाळ्यात गोठतं, नार्विकचं गोठत नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथवर पोचतो. म्हणून डोंगर फोडून 1902 मध्ये लोहमार्ग पुरा केला. आज त्यावर 68 डब्यांची गाडी धावते, साधारण 8,600 टनांची, एका आसावर 30 टन भार. आपल्याकडे हा भार 22.9 टन, काही मार्गांवर 25. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नॉर्वेवर चढाई केली, तेव्हा याच खनिजाच्या बंदरासाठी नार्विकच्या खाडीत दोन नाविक लढाया झाल्या. गावात त्याचं युद्ध संग्रहालय आहे. डोंगरावर जायला झुलता पाळणा आहे. तपकिरी चीज मिळतं, ते भाजलेल्या खव्यासारखं गोड लागतं.

गार्डसाहेब लक्ष देऊन ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "साहेब, राग मानू नका. खाणीतून खनिज भरलं, घाट उतरला, गाडी कारखान्याला नाही तर बंदराला नेऊन रिकामी केली. हे दल्ली-राजहराच झालं न? फक्त तिथं भिलई नाही, समुद्र आहे. तुम्ही घरामागून जाणारी गाडी पाहायला ध्रुवापर्यंत गेले."

"काका, फरक आहे. तंत्र वेगळं आहे."

"असेल. पण भिलईच्या पोलाद कारखान्यासाठी रशियन इंजिनिअर इथं आले होते. 1955 साली करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली. ते काम करायला आले होते, संग्रहालय पाहायला नाही."

हा टोला खोल गेला. पेपरवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठा तोफखाना काढला. "आपल्यातली मोठी माणसंही परिषदांना गेलीच की! रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1886 मध्ये व्हिएन्नाला प्राच्यविद्येच्या परिषदेला गेले. तेही समुद्र ओलांडायला लोक नाकं मुरडत, त्या काळात."

"गेले. पण 1874 साली लंडनहून आमंत्रण आलं होतं, तेव्हा घरच्या अडचणीमुळं जाता आलं नाही, म्हणून नाशिकच्या शिलालेखांवरचा निबंध नुसता पाठवून दिला होता. तुमचाही पेपर जाऊ शकत होता की एकटा, पार्सल व्हॅनमधून."

गार्डसाहेब निवृत्तीनंतर मंडळाच्या वाचनालयात बसतात, हे पेपरवाले विसरले होते. ते घाईने महर्षी कर्व्यांकडे वळले. अण्णा 1929 मध्ये निघाले, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला शिक्षकांची परिषद, मग जिनिव्हा, मग डेन्मार्कमध्ये हेल्सिंगोरला नवशिक्षणवाल्यांचा मेळावा. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा किल्ला त्याच गावात.

"अन् तिथून अमेरिका, मग जपान," गार्डसाहेबांनी वाक्य पुरं केलं. "प्रत्येक ठिकाणी बायकांच्या विद्यापीठासाठी झोळी पुढं केली. तुम्ही काय आणलं?"

वहिनींनी फ्रिजवर लावायचं चुंबक आणून दाखवलं. त्यावर रेनडिअर होता.

"बरं, ते जाऊ द्या. पेपर किती वेळ वाचला?"

"बारा मिनिटं. मग प्रश्नांना तीन."

"जायला-यायला?"

"दोन्हीकडचं धरून साठ-पासष्ट तास."

"प्रश्न काय विचारले?"

पेपरवाल्यांनी घसा साफ केला. सत्र जेवणानंतरचं होतं. समोर चौदा माणसं, त्यातल्या दोघांना पुढच्या सत्रात बोलायचं होतं म्हणून ती आली होती. एकाने स्लाइडची प्रत मागितली. प्रश्न म्हणावा तर तेवढाच.

"विषय काय होता तुमचा?"

"चाकाच्या फ्लँजची झीज. वळणावर चाकाची कड रुळाला घासते, त्यावर कुठे आणि किती ग्रीस द्यायचं, हे."

गार्डसाहेब एकदम गंभीर झाले. "मग त्यात तो आवाज घेतला का? पहिल्या पावसाच्या आधी, मेच्या उन्हात, वळणावर गाडी किंचाळते. पाऊस पडला की तीच गाडी त्याच वळणावर गप्प. तीस वर्षं मी ब्रेकव्हॅनमध्ये बसून ऐकलं. कोरड्या रुळावर अन् ओल्या रुळावर झीज सारखी कशी असेल?"

पेपरवाले गप्प. त्यांच्या तक्त्यात महिना हा रकानाच नव्हता. मोबाइलच्या उजेडात ते भाषणाचा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागले: मे, जून, जुलै.

"हे नार्विकला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

"तिथं मेमध्ये रूळ तापत नसतील."

वीज आली. स्लाइड दाखवायला आता हरकत नव्हती, पण दोघांनाही त्याची आठवण राहिली नाही. वहिनींनी मात्र संधी साधून सांगितलं, की येत्या रविवारी भाषण झालं की देवबलोद्याला जायचं. कलचुरी काळातलं महादेवाचं देऊळ, पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक, आणि स्टेशनाच्या पाटीवर 'देवबलोदा चरोदा' अशी जोडनावं. लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून जाणं झालेलं नाही.

"असाधारण परिस्थिती," गार्डसाहेब पुटपुटले.

मंडळातलं भाषण चांगलं झालं. लूप लाइनवरच्या नऊ तासांना सर्वात जास्त हशा मिळाला, मध्यरात्रीच्या सूर्याला टाळ्या. पुढच्या परिषदेसाठी पेपरवाल्यांनी नवा विषय हेरून ठेवलाय, आणि त्यासाठी कुठे जायची गरज नाही. 22 जानेवारी 2021 रोजी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने पाच रिकाम्या मालगाड्या एकीला एक जोडून भिलईच्या डी केबिनपासून कोरब्यापर्यंत 224 किलोमीटर नेल्या. साडेतीन किलोमीटर लांबीच्या त्या गाडीचं नाव 'वासुकी'. लोको पायलट एक, सहायक एक, आणि पाच गाड्यांना मिळून गार्डही एकच.